सुपारीच्या वऱ्हाडाचे डोळे

आमच्या नात्यातल्या लग्नांत हल्ली फुलं परदेशातून येतात, धूर यंत्रातून येतो आणि नवरी ड्रोनकडे बघून लाजते. या सगळ्यात एका टेबलावर रुखवत असतं, आणि रुखवतात आत्याचं सुपारीचं वऱ्हाड. सुपारीची डोकी, रिळांची धडं, जरीच्या चिंध्यांची लुगडी. ते वऱ्हाड खऱ्या नातेवाइकांचंच असतं. कुणाचं टक्कल, कुणाची पुढे आलेली हनुवटी, सगळं ओळखू येतं. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरमध्ये मानाने राहिलेली आमची माणसं वाकून वाकून स्वतःला शोधतात, आणि सापडली नाहीत तर न जेवता निघतात.

आत्याचा एकच नियम होता. डोळे शेवटी काढायचे. लग्नाच्या सकाळी, हॉलमध्ये, प्रत्येक जण जागेवर बसल्यावर.

"आधी काढले की ती आपल्या मनाने बघायला लागतात," ती म्हणे. याचा संबंध रंग वाळण्याशी असावा असं समजून मी विषय सोडून दिला होता.

पुतणीच्या लग्नाआधी आत्याला घेऊन मी बंगळूरच्याच शिवाजीनगरला जरी आणायला गेलो. दुकानदाराने दोन रिळं पुढे ठेवली. आत्याने बोटांनी चाचपून हिरवं उचललं. "हे सोनेरी. सरी, हेच द्या," ती कानडी सवयीने म्हणाली.

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मी गुपचूप रीळ बदलून घेतलं. बाहेर पायरीवर आल्यावर ती म्हणाली, "एक डोळा कधीच गेला. दुसऱ्यात स्वल्प कडा दिसतात. नस वाळली म्हणे, आता काही व्हायचं नाही."

"मग हे वऱ्हाड?"

"हाताने केलं. चेहरे हाताला पाठ आहेत. डोळे मात्र तू काढ. आणि कुणाला सांगू नकोस हं. तुझ्या वहिनीने डेकोरेटरकडचं तयार रुखवत बघून ठेवलंय. मला दिसत नाही असं कळलं की माझं टेबल जाईल हात धुवायच्या जागेजवळ, आणि टेबलामागे खुर्चीवर मी."

वहिनी म्हणजे नवरीची आई. आत्याचा अंदाज चुकीचा नव्हता.

हॉलमध्ये सगळ्यांदेखत माझ्या हातात ब्रश दिसून चाललं नसतं. म्हणून आदल्या दुपारी आत्याच्या घरी बसून मी काडीच्या टोकाने एक्केचाळीस जणांचे डोळे काढले. बुबुळं बरोबर मधोमध. भिंग लावून तपासली. आत्या अस्वस्थ होती.

"झाले सगळ्यांचे? आता बोलताना जपून रे."

मी हसलो.

येलहंक्याच्या हॉलमध्ये सकाळी ती सांगत गेली तसं मी वऱ्हाड मांडलं, सगळ्यांची तोंडं नवरा-नवरीकडे. चहा घेऊन परत आलो तर वहिनी टेबलापाशी उभी.

"भाऊजी, ही सगळी कुठे बघतायत?"

तोंडं होती तिथेच होती. बुबुळं मात्र उजव्या कोपऱ्यात गेली होती. एकूणएक, भटजींचीसुद्धा. तिकडे खांबाजवळ एक रिकामी खुर्ची होती.

रंग ओला राहिला असणार, खोका गाडीत कलंडला असणार, म्हणजे रंग एकाच बाजूला ओघळणार. मी स्वतःला हे व्यवस्थित समजावलं. फक्त ओघळ कुठे दिसेना. काल जिथे बुबुळ होतं, तिथे स्वच्छ पांढरं होतं.

तेवढ्यात आत्या भिंतीला हात लावत लावत आली आणि त्याच खुर्चीत बसली.

भिंतीवरून सरकणारा तो हात वहिनीने पाहिला. वहिनी हुशार बाई आहे. तिने न बोलता स्वतःची बाहुली विहिणींच्या घोळक्यातून उचलली, भटजींच्या मागे ठेवली आणि टेबल आणि खुर्चीच्या मधे उभं राहून गोड आवाजात विचारलं, "आत्याबाई, यात मी कुठे आहे हो? मला मेलीला सापडतच नाही."

चार बायका थांबून ऐकू लागल्या. आत्याला काहीतरी सुचवावं म्हणून मी घसा साफ केला.

आत्या मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. "भटजींच्या मागे. आत्ताच नेऊन ठेवलीस ना? आणि पदर सुटलाय, तो नीट कर. बाहुलीचा नव्हे, तुझा."

बायका खिदळल्या. वहिनीने पदर सावरला. डेकोरेटरचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

दुपारी रुखवत नवरीबरोबर पाठवायला मी खोक्यात भरत होतो. आत्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आत्या, तुला दिसतं?" मी हळूच विचारलं.

"नाही रे. पण एक्केचाळीस जण बघत होते ना." मग तिने माझं मनगट धरलं. हात गार होता. "आता हे सगळे जाणार. एक मागे ठेव."

"कुठला?"

"तुझा. तुला तशीही सगळ्यांकडे तिरकं बघायची सवय आहे."

मी मला उचलून खिशात टाकलं. घरी जाईपर्यंत त्या खिशात हात घातला नाही.

आता तो तिच्या खिडकीत असतो, तोंड कपाटाकडे, डोळे रस्त्याकडे. रविवारी मी गेलो की समोरच्यांनी फाटक कुठल्या रंगाने रंगवलं, कोपऱ्यावर कुणाची गाडी उभी आहे, हे आत्या बसल्या जागेवरून सांगते. मी वाकून पाहतो. तसंच असतं.

मागच्या रविवारी मी ब्रश घेऊन गेलो होतो. "डोळे सरळ करून देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "सरळ केलेस तर नुसतं कपाट दिसेल."