खालून पडलेला उजेड

माझे मामा पूर्वी सरदारांची तैलचित्रे काढीत. ते काम आटल्यावर शहरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या एका टॉकीजसाठी भिंतीएवढी पोस्टरे रंगवू लागले. सवय मात्र गेली नाही. प्रत्येक चेहऱ्यावर उजेड वरून, डावीकडून, अदबीने पडे. भुताच्या चित्रपटासाठी काढलेली हडळसुद्धा त्यामुळे खानदानी दिसली.

“मामा, ही हळदीकुंकवाला निघाली आहे,” मी म्हणाले.

“मग तूच सांग, शास्त्रीणबाई. डर येतो कुठून?”

मी तेव्हा इंटर सायन्सला होते. सूर्य नेहमी वर असतो आणि डोळा त्याच सवयीने सावल्या वाचतो, हे मी त्यांना समजावले. उजेड खालून आला, की ओळखीचा चेहराही परका होतो. भरदुपारी दारे लावून मी कंदील हनुवटीखाली धरला. मामा कोळसा उचलून म्हणाले, “हलू नकोस.”

ते केवळ सावल्या टिपत आहेत, असे मी समजले.

चौथ्या दिवशी गोरखी वाड्यासमोरच्या भिंतीवर मी होते. हिरवट चेहरा, बुबुळांखाली पांढरी रेघ, ओघळणारी लाल अक्षरे आणि डोक्यावर नुसता रिकामा काळोख.

मला बी.एस्सी.साठी काशीला जायचे होते. वसतिगृहाचा अर्ज वडिलांनी भरून द्यायचा बाकी होता. आपली मुलगी सिनेमाच्या भिंतीवर आहे हे कळते, तर तो अर्ज चुलीत गेला असता. त्यांचा कचेरीचा रस्ताही तोच.

“तुझी आई काल बघून गेली,” मामा म्हणाले. “विचारत होती, नटी कुठली? खालच्या उजेडात माणूस ओळखू येत नाही, तूच म्हणालीस ना? मग काय घाबरून राहिलीस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडिलांबरोबर त्या रस्त्याने जात होते. भिंतीसमोर ते थांबले. ऊन असूनही त्यांनी छत्री मिटली.

“आमची ताई,” ते म्हणाले.

त्यांची थोरली बहीण माझ्या जन्माआधीच प्लेगने गेली होती. तिचे छायाचित्र कधी काढलेच नव्हते.

“श्वास लागला होता, म्हणून आईने तिला बसतं धरलं होतं. दिवा खाली जमिनीवर होता.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुन्हा भिंतीकडे पाहिले आणि पुढे चालू लागले.

हाडांची ठेवण घराण्यात उतरते. उजेडाने माझे तेवढे पुसले आणि घराण्याचे तेवढे ठेवले. स्पष्टीकरण मला पुरेसे वाटले.

संध्याकाळी वडिलांनी अर्ज भरून माझ्या हाती दिला. खाली त्यांची सही होती. विद्यार्थिनीच्या नावाच्या जागी ताईचे नाव होते.

चूक दाखवली, तर ते अर्ज परत घेतील आणि कदाचित विचारही बदलतील, अशी मला भीती वाटली. मी ब्लेडने ते नाव खरवडले आणि त्यावर माझे लिहिले. कागद सपाट धरला, की काहीच कळत नव्हते. मग मी तो कंदिलासमोर धरला. माझ्या अक्षरांमागे ती अजून होती.

अर्ज तसाच पाठवला.