व्याहीबुवांचा ‘हं’

व्याही रुसतात ते लग्नात. आमचे व्याही रुसले ते सारंगीवर, आणि तेही वर्षानुवर्षं!

त्याचं असं झालं. त्यांची लेक, म्हणजे आमची सून, तेव्हा शाळेत होती. एका कंपनीनं व्याहीबुवांना सारंगीसकट गाडी पाठवून नेलं. भिंतींना गाद्या ठोकलेली खोली, पुढ्यात माईक, काचेपलीकडे दोन पोरं. “सा वाजवा.” वाजवला. “आता हळू.” वाजवला. “आता जोरात.” मग रे, मग ग. जेवायला बोलावून एकेक शीत वाढावं तसा दिवस गेला. यांना वाटलं, परीक्षा चाललीय, खरं वाजवणं पुढेच. एक चीज मनात घोळवून तयार ठेवलेली. संध्याकाळी पोरं म्हणाली, “झालं, धन्यवाद,” आणि गाडीत बसवून दिलं.

“वाजवूच दिलं नाही हो! सूर तपासले आणि घरी पाठवलं. नापास!”

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी निदान तोंडावर नापास म्हणायचे, छडीसकट. व्याहीबुवांनी सारंगीला गवसणी घातली, ती कपाटावर टाकली, ती तिथंच. सोयरीक जुळल्यावर मात्र रोज दुपारी माझ्याकडे पत्ते खेळायला येऊ लागले.

त्यांची एक खोड आहे. पान टाकण्याआधी नाकातून “हं” करणार. सारंगीच्या तारांवर गज ठेवतानाही म्हणे तेच. ‘हं’ आला की माझा हात पानाकडे गेलाच.

सून जाहिरातींना संगीत देते, कॉम्प्युटरवर. बासरी, संतूर, तबला, सगळे त्या पेटीत मुक्कामाला. पट्टी दाबली की हजर, ना चहा मागतात ना रुसतात. परवा तिनं नवी सारंगी घेतली, म्हणजे पेटीत भरायचे नुसते आवाजच. ती शेजारच्या खोलीत वाजवून बघत होती. आम्ही इकडे डाव मांडलेला.

“हं.”

“टाका पान,” मी म्हणालो.

“मी कुठं काय केलं?”

“हं.”

“परत! टाका की व्याही, अंडी उबवताय का?”

“अहो, तोंड मिटून बसलोय मी!”

तेवढ्यात आतून सून करवादली, “काय कटकट आहे! बाकी सगळे सूर स्वच्छ, पंचम दाबला की आधी कुणीतरी हुंकारतंय!”

मी पत्ते खाली ठेवले. “पोरी, तो हुंकारणारा इथं माझ्यासमोर बसलाय.”

व्याहीबुवा दारात जाऊन उभे राहिले. “सा दाब. रे दाब.” ऐकता ऐकता दाराची चौकट धरली. “हा माझा गज.”

“बाबा, अहो, ती परीक्षा नव्हतीच! त्यांना सुटे सूरच हवे होते. कुठकुठले लोक आता तुमच्या सुरांवर चाली बांधतायत.”

मला वाटलं, आता डोळे पुसतील.

“म्हणजे मी पास?”

“पहिल्या वर्गात!” मी म्हणालो. सुनेनं लगेच त्या सुरांची एक चाल वाजवून दाखवली.

“मग हे काय जोडलंयस गं? ‘ग’वरून थेट ‘प’वर उडी? माकड आहे का मी? घसरत जायचं!”

“या पेटीत तसं नीट होत नाही, बाबा.”

“होत नाही काय!” म्हणत पायात चपला सरकवल्या, घरी गेले आणि सारंगी घेऊन आले. गवसणीची धूळ झटकली ती नेमकी माझ्या सतरंजीवर. तारा जुळवता जुळवता माझा चहा गार झाला. एवढी वर्षं मनात ठेवलेली ती चीज आता निघणार होती. त्यांनी डोळे मिटले, गज तारेवर ठेवला.

“हं.”

आणि सवयीनं माझा हात पान उचलायला पुढं गेला.