स्पीकरसमोरचे दोघं

सोमवारी अप्पा कुंभारीला, गावच्या घरी परत जाणार होते. कायमचे. आई गेल्यावर मी वडिलांना जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं, त्याला वर्ष झालं होतं. आणि आता त्यांचं म्हणणं, "हितं माझ्याशी कुणी बोलतच न्हाय."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. बोलत नाही? घसा बसेपर्यंत ओरडतो आम्ही! बायको स्वयंपाकघरातून, मी वर्तमानपत्राआडून. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की मी "जाऊ द्या" म्हणून सोडून द्यायचो. आई गेल्याच्या धक्क्याने त्यांचे कान गेले, असं मी नातेवाइकांना सांगत होतो, कारण ती असेपर्यंत त्यांना सगळं ऐकू यायचं. निदान तिचं तरी. कानाचं मशीन आणलं, तर "ह्यात नुसता कल्ला हाय" म्हणून काढून ठेवलं.

रविवारी दुपारी मी टीव्हीवर एक माहितीपट लावला, परदेशातल्या एका जुन्या रॉक अँड रोल महोत्सवावरचा. कॉलेजात मी या संगीतापायी वेडा होतो आणि अप्पा त्याला 'डबा बडवणं' म्हणायचे. जन्मभर पॉवरलूमच्या खडखडाटात टॉवेल विणलेल्या माणसाने हे म्हणावं, याचा तेव्हा मला भारी राग यायचा. आता ते शेजारी बसले होते ते दुसरं काही करायला नव्हतं म्हणून. त्यांची पिशवी भरून झाली होती.

पडद्यावर चिखल झालेलं रान आणि त्यात भिजून नाचणारी हजारो पोरं-पोरी.

"रान कुणाचं म्हणायचं हे? पीक काय ऱ्हायलं नसंल," अप्पा म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. ऐकू जाणार नाही, हे धरूनच चाललो होतो.

मग मंचाच्या कडेला, माणसाहून उंच स्पीकरसमोर दोन कामगार दिसले. एकाने तोंड मोठं करून काहीतरी म्हटलं, दुसऱ्याने हाताने खूण केली. अप्पा एकदम हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

"आमच्यावानीच बोलत्यात की!"

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "म्हणजे कसं?"

त्यांनी सांगितलं. माग सुरू असले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. म्हणून कारखान्यात ओरडायचं नाही, ओठ सावकाश हलवायचे, जोडीला हात. तेलुगू बोलणारा असो की कन्नड, कुणाचं अडत नसे. आई त्याच कारखान्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. चार माग पलीकडून ती डब्यात काय आणलंय ते सांगायची.

"घरी बी तसंच बोलायची. आवाज तर मला कवापास्नंच कळत न्हाय. लई वर्सं झाली. तिला ठावं हुतं."

आईने त्यांना पाठमोरं राहून काही सांगितलेलं मला आठवेना. ती हाक मारत नसे, समोर येऊन उभी राहायची. तो तिचा स्वभाव, असं मी समजत आलो होतो. काखेत कळसा आणि मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे हिंडवत होतो! स्वतःची लाज वाटली, आणि अप्पांविषयी माया दाटून आली.

मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. आवाज न काढता, ओठ सावकाश हलवत म्हणालो, "जाऊ नका."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनीही नुसते ओठ हलवले. मला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा सावकाश. तरी नाही. ते कंटाळले नाहीत. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, पहिलीतल्या मुलाला शिकवावं तसं एकेक अक्षर त्यांनी तिसऱ्यांदा ओठांवर आणलं, तेव्हा कळलं.

"ऱ्हातो की."