चियो-सानना आलेला फोन

सत्यनारायणाच्या प्रसादालाही मी सरळ 'शिरा' म्हणतो, यावरून माझा स्वभाव कळावा. भुतंखेतं, टेलिपथी... कशावरच आपला विश्वास नाही. मेकॅनिकल इंजिनिअर आहे. ब्रेकमधून आवाज आला तर त्याला कारण असतंच, असं मानणारा. तरी हे लिहितोय, कारण तीन वर्षं डोकं खाजवूनही या गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही.

आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो — मी, बायको मेघना आणि मुलगा. मी गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत आहे, आमचे बरेच कस्टमर जपानी. पुण्यात असतानाच जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि ते वेड इथेही सुटलं नाही. २००२ मध्ये लायब्ररीच्या बोर्डवर एक कागद दिसला — "जपानी शिकवते. शनिवारी सकाळी. वेळेवर या."

त्या फुमिको-सान. सत्तरीच्या. अमेरिकन माणसाशी लग्न करून चाळीस वर्षांपूर्वी इकडे आल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. पहिल्या दिवशी माझं नाव ऐकून तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. जपानीत 'जोशी' म्हणजे बाई! पुढे ओळख करून देतानाही त्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "नाव जोशी, पण पुरुष आहे."

हळूहळू त्या घरच्याच झाल्या. मुलगा त्यांना आजी म्हणायचा. मेघनाने केलेली साबुदाण्याची खिचडी त्या चॉपस्टिक्सने एकेक दाणा उचलून खायच्या आणि आम्ही तिघं बघत बसायचो.

मे २००५ मध्ये मला कामासाठी नागोयाला जायचं होतं. निघण्याआधी फुमिको-साननी रुमालात बांधलेली एक बाटली हातात दिली. स्वतः केलेला चेरीचा जॅम. सोबत पत्ता.

"माझी धाकटी बहीण, चियो. तीस वर्षं बोलत नाही. माझी पत्रं न फोडता परत पाठवते. पण तू दारात उभा राहिलास तर तुला कशी परत पाठवेल?"

"सेन्सेई, फोन नंबर द्या ना. आधी कळवून जातो."

"नंबर माझ्याकडे नाही."

भांडण कशावरून, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

नागोयात शनिवारी सुट्टी होती. नाश्ता केला तेव्हा छान ऊन होतं. पत्ता दीड-दोन तासांवरच्या एका छोट्या गावाचा होता. मधे गाडी बदलायची होती, तिथे उतरलो आणि धो धो पाऊस! स्टेशनवरच्या दुकानातल्या छत्र्या संपलेल्या. उरली होती फक्त लहान मुलांची एक — पिवळी, त्यावर बदकं. काय करणार, घेतली. तेव्हा साडेदहा वाजले होते.

साडेअकराला त्या गावात उतरलो. उतरणारा मी एकटाच. बाहेर काळी छत्री घेऊन एक आजी उभ्या होत्या. माझ्या छत्रीकडे बघून त्यांना हसू आलं, मग त्या कमरेत वाकल्या.

"जोशी-सान ना? नाव जोशी, पण पुरुष?"

"हो... पण तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, साडेअकराच्या गाडीने येईल. चष्मा, आणि हातात बदकांची पिवळी छत्री. मला वाटलं, म्हातारपणी ताईला वेड लागलं."

मला वाटलं, माझंच जपानी कच्चं. घरी गेल्यावर चहा घेताना पुन्हा विचारलं. "किती वाजता आला फोन?"

"साडेआठला. घड्याळ फोनच्या वरच आहे."

साडेआठला मी हॉटेलात अंडं सोलत होतो. ती छत्री दुकानात होती.

चियो-साननी जॅम उघडला, चमच्याने थोडा खाल्ला आणि रडायला लागल्या.

"आई गेली तेव्हा ताई आली नाही, म्हणून मी नातं तोडून टाकलं. आज म्हणाली, त्याच आठवड्यात नवऱ्याचं ऑपरेशन होतं. ज्याच्यासाठी आईशी भांडून गेले, त्याच्याचमुळे आईला शेवटचं भेटता आलं नाही... हे तुला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणाली, चियो, माफ कर."

हॉटेलवर परत आल्यावर मेघनाला फोन लावला.

"काल संध्याकाळी साडेसातला फुमिको-सान कुठे होत्या?" जपानमधले सकाळचे साडेआठ म्हणजे ट्रॉयमधली आदली संध्याकाळ.

"इथेच की! साडेसहा ते नऊ आपल्याकडेच जेवायला होत्या. का रे?"

"कुणाला फोन केला का त्यांनी?"

"नाही रे. मुलाला कागदाचे बेडूक करून देत बसल्या होत्या. शिवाय परदेशात फोन करायचं आपलं कॉलिंग कार्ड कधीच संपलंय."

परत आल्यावर शनिवारी फुमिको-सानकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी फोनवर काय बोलले?"

मी चियो-सानचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"ऑपरेशनचं मी तिकडे कुणालाच कळवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मनात मात्र हेच वाक्य हजारदा बोलले असेन." मग माझा हात घट्ट धरला. "तो फोन मी केला नव्हता, हे चियोला सांगू नकोस."

चियो-साननी दिलेला नंबर मी टेबलावर ठेवला. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दोन तास बसलो होतो! आत कधी रडणं, कधी मोठमोठ्याने हसणं.

गेल्या वर्षी फुमिको-सान इथलं घर विकून बहिणीकडे राहायला गेल्या. मेघना एअरपोर्टवर आई निघाल्यासारखी रडली. दोघी बहिणी मजेत आहेत, मिसो सूप किती खारट असावं यावरून भांडतात. चियो-सानना मराठी येत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

मागच्या महिन्यात फोनवर बोलताना राहवलं नाही. चियो-सानना सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी ताईंचा आवाज ओळखू कसा आला हो, इतक्या वर्षांनी?"

"न ओळखायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "लग्नाआधी होता तसाच होता. अगदी कोवळा. मला वाटलं, अमेरिकेतल्या लाइनी चांगल्या असतील."

मी "हो, चांगल्या असतात" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?