दाराबाहेरच्या सँडल्स

भूतबित म्हटलं की हसणाऱ्यांतली मी. सासूबाई व्हिडिओ कॉलवर आमच्या रियाची दृष्ट काढायच्या, तेव्हासुद्धा "मीठ-मोहऱ्या कशाला वाया घालवता" असं मी तोंडावर म्हणायचे. त्यामुळे हे लिहिताना हात आखडतोय... पण लिहिते.

आम्ही मस्कतजवळ माबेल्यात राहतो. मी, नवरा महेश आणि सात वर्षांची रिया. मला फोटोग्राफीचं वेड, पण काढायचे काय, तर सगळे काढतात तेच — उंट, किल्ले, सूर्यास्त. आमच्या फोटो ग्रुपमधले वसईचे लोपीस अंकल एकदा म्हणाले, "फोटो चांगलेत गं, पण तुझे वाटत नाहीत. रोज दिसतं आणि तरी कोणी बघत नाही, असं काहीतरी शोध."

आणि मला सापडलं. दाराबाहेर काढलेल्या चपला. मशिदीबाहेर, गाला या औद्योगिक भागातल्या कामगारांच्या खोल्यांबाहेर, शेजारच्या मल्याळी कुटुंबाच्या दाराशी. कॅमेरा जमिनीला टेकवायचा, माणूस एकही घ्यायचा नाही. बंद दार आणि चपला, बस. आत किती माणसं, कोण घाईत आलंय, सगळं कळतं त्यावरून. अंकल खूश होते.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही इब्रीला महेशच्या मावसभावाकडे जेवायला गेलो होतो. येताना वाटेत एक जुनं, ओसाड पडलेलं मातीच्या घरांचं गाव लागलं. लख्ख दुपार. तिथं एक सुंदर कोरीव दार दिसलं, गंजलेलं कुलूप लावलेलं. पण रिकाम्या घरापुढे चपला कुठून येणार? मग मीच शहाणपणा केला. आम्हा तिघांच्या चपला काढून दारापुढे मांडल्या.

महेश वैतागला. "अगं, खडे टोचतायत. यल्ला, उरक लवकर."

रिया चपलांकडे बघत होती. "आई, चप्पल बाहेर मीन्स आपण आत आहोत, ना?"

"हो गं बाई, आत आहोत," मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हटलं.

चार-पाच फोटो काढून मान वर केली, तर दोनच जोड. रियाच्या गुलाबी सँडल्स नाहीत. ती तर बापाचा हात धरून माझ्या मागे उभी होती. वारा नाही, कुत्रं नाही, चिटपाखरू नाही. महेशनं दाराच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला आणि डोळा लावला. मी त्याला बाजूला सारून पाहिलं. आत खोलीच्या मधोमध सँडल्स होत्या, नीट जोडीनं. भोवती धुळीचा जाड थर, त्यावर एकही ठसा नाही. आणि त्या फटीतून माझं बोटसुद्धा जात नव्हतं. रियाला कडेवर घेतलं आणि तशीच अनवाणी गाडीकडे पळत सुटले.

घरी येऊन फोटो पाहिले. शेवटचा सोडला तर सगळ्यांत तीन जोड. शेवटच्यात दोन. लोपीस अंकलना दाखवले, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा शेवटचा तुझा सगळ्यात चांगला फोटो," ते म्हणाले, "पण कुणाला दाखवू नकोस."

तिथंच संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

रियाला नवीन सँडल्स आणल्या. ती त्या दाराशी काढत नाही. तशीच आत येते आणि सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसते, पाहुण्यांकडे गेल्यासारखी. परवा मी ओरडले, "रिया, घरात चपला?"

"माझ्या सँडल्स घरी आहेत, आई," ती म्हणाली. "आपण घरी कधी जायचं?"

डॉक्टर म्हणतात, मुलांच्या डोक्यात काहीतरी बसतं, जाईल. महेश म्हणाला, या शुक्रवारी जाऊ, कुलूप तोडू, सँडल्स आणू, खलास. सँडल्स मलाही परत हव्यात हो. पण ते दार उघडलं आणि रियानं माझा हात सोडला तर?

शुक्रवारी जायचंय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आज शुक्रवार. सकाळी उठले, तर ती बॅग भरून दाराशी बसली होती.