आईला सांगितलेला तळाचा मासा

समुद्रतळाचा अभ्यास करणाऱ्या एका जहाजावर मी स्वयंपाकी होतो. मी डोंगरातल्या पासली गावचा, भाताच्या खाचरात वाढलेला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावरच.

एका सकाळी कॅमेरा आणि सापळा लावलेला पिंजरा तळाहून वर आला. शास्त्रज्ञ बाई ओरडल्या, "बर्फाचं पाणी आणा, लवकर!" मी भाताचं मोठं पातेलं भरून धावलो. त्यात त्यांनी एक मासा अलगद सोडला. वीतभर, फिकट गुलाबी, अंगावर एकही खवला नाही. मेलेलाच होता. कातडीतून आतलं काळीज दिसत होतं. "स्नेलफिश," बाई म्हणाल्या, "गोगलगाय मासा." वरच्या उबेत तो खरवसासारखा सैल पडत चालला होता. मी बर्फ घालत राहिलो.

दुपारी पडद्यावर तसेच मासे जिवंत दिसले. काळ्याकुट्ट पाण्यात, दिव्याच्या उजेडात, शेपटी हलवत सावकाश येत होते, जात होते. पुढे कितीतरी दिवस कांदा चिरतानाही मी त्या काळोखातच असायचो.

सुट्टीत घरी आलो तेव्हा लावणी चालू होती. धुकं इतकं उतरलेलं की बांधापलीकडचं काही दिसेना. आईशेजारी वाकून रोपं लावता लावता मी तिला माशाचं सांगितलं.

"एवड्या पान्याचं वझं त्याला व्हत न्हाई?"

"त्याच्या आंगात हवाच नसती, आई. चेपायला आत पोकळ कायच न्हाई."

ती जुडी हातात धरून थांबली. "मंग वर कशाला आनला त्याला?"

"बघायला."

"कसा हुता?"

"लई निवांत," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका आमच्या लावणीला आल्या. धुक्यातून आईचा आवाज ऐकू येत होता.

"माज्या लेकानं बघितलाय. थितं ऊन न्हाई, वारा न्हाई. गुलाबी हाय, तान्ह्या पोरावानी."

"चावतो का वो?" एकीनं विचारलं.

"कुनी कदी शिवलंच न्हाई, तर चावंल कशाला?"

बायका हसल्या. मग बराच वेळ चिखलात रोपं खोचल्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत राहिला.

"आनखी सांगा की," कुणीतरी म्हणालं.

आई सांगू लागली. मी तिला न सांगितलेलंही पुष्कळ.