गवत बघायला सोलापूरला

"सोलापूरला? ऑगस्टमध्ये? आणि तेही गवत बघायला?" भिशीतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. नवऱ्याने पेपरातून मान वर न काढता "येताना चादर आण" एवढंच सांगितलं. माझी कंबर, माझं वय, उन्हाचा त्रास अशी सगळी कारणं घरातल्यांनी पुढे केली. मला कुणी 'जाऊ नको' म्हटलं की मी जाते. त्याच दुपारी एसटीचं तिकीट काढलं.

बोलावलं होतं माझ्या भाचीने. मृण्मयी, घरात मनू. ती वातावरणशास्त्रज्ञ आहे. हवा, माती आणि तिच्यावर वाढणारं गवत, झाडं यांच्यात काय देवाणघेवाण चालते, ते ती मोजते. जंगलांवर असं काम करणारे पुष्कळ आहेत. मनूने हट्टाने गवताळ माळ निवडला, कारण सरकारी कागदावर त्याला 'पडीक' म्हणतात आणि या शब्दाचा तिला राग येतो.

जाणाऱ्यांसाठी सांगते. स्वारगेटहून एसटी भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट. खिडकी डावीकडची धरा, भिगवणपासून उजनीचं पाणी बराच वेळ सोबत असतं. सोलापुरात स्टेशनसमोर लॉज पुष्कळ, पण खोली आणि पाण्याचा नळ बघूनच पिशवी ठेवा. रात्रीच्या जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही मागा. भाकरी पापडासारखी मोडते आणि चटणी तिखट असूनही हात थांबत नाही. दुसरं काही मागवायची गरजच पडली नाही.

सकाळी मनू दुचाकी घेऊन आली. बार्शी रस्त्याने बरंच पुढे गेल्यावर एका फाट्याला वळायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना आधीच पुरेसा ताप झाला आहे.

माळ पहिल्यांदा दिसला तेव्हा, खरं सांगते, मला भिशीतल्या बायका आठवल्या. सपाट, वरखाली लहरत गेलेली जमीन, एकही धड झाड नाही. मग गाडी थांबली, आवाज बंद झाला आणि गवत हलायला लागलं. कुठे पोपटी, कुठे तांबूस. मनू नावं सांगत होती : पवना, मारवेल, कुसळी. चंडोल पक्षी सरळ वर उडून गात होता आणि गाणं संपलं की दगडासारखा खाली येत होता. मधोमध दुमजली घराच्या उंचीचा लोखंडी मनोरा उभा होता. वाऱ्याचा प्रत्येक झोत कुठून आला, त्यात कार्बन वायू आणि बाष्प किती, हे त्याच्या टोकावरची यंत्रं टिपत राहतात. "मावशी, माळ हवेतून घेतो किती आणि सोडतो किती, एवढाच माझा प्रश्न," ती म्हणाली. "त्याचं उत्तर द्यायला अजून एक पावसाळा हवा."

तेवढ्यात चढावापलीकडून घरघर ऐकू आली. मनू पळतच सुटली. मी माझ्या कंबरेला जमेल तशी मागून गेले.

पिवळा जेसीबी माळावर ओळीने खड्डे घेत होता. एका बाजूचा बराच भाग खणून झाला होता. पांढरट मुरूम वर आला होता आणि गवताची मुळं उन्हात वाळत पडली होती. मनू जाऊन सरळ त्या लोखंडी पंज्यासमोर उभी राहिली.

"ताई, बाजूला व्हा की," ड्रायव्हर ओरडला. "मला सांगितलंय तेवडं करायलोय मी."

"बंद करा आधी."

"सरपंचांनी सांगितलंय!"

"मग बोलवा सरपंचांना. मी इथेच आहे."

त्याने यंत्र बंद केलं. मला भीती वाटत होती, पण मीही जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. काय करणार, मावशी आहे.

सरपंच बुलेटवरून आले. चाळिशीचे, शांत गृहस्थ. मनूला मनोऱ्यासाठी जागा त्यांनीच मिळवून दिली होती. त्यांनी सांगितलं ते असं : एक कंपनी गावात मोठं वृक्षारोपण करणार होती आणि त्याबरोबर पाण्याची टाकीही बांधून देणार होती. रविवारी पाहुणे येणार होते.

"मॅडम, झाडाला आडवी येनारी शास्त्रज्ञ पयल्यांदाच बघतोय मी," ते म्हणाले.

"झाडांना नाही हो. जागेला. इथे माती वीतभर आहे, खाली मुरूम. झाडं टँकरच्या पाण्यावर जगवावी लागतील. आणि हे गवत मुळांत जे साठवून बसलंय, ते खणलं की हवेत जातं."

मीही तिला बाजूला घेऊन विचारलं, "पण मनू, झाडं लावणं वाईट कसं गं?"

"वाळवंटात तळं खणायला कुणी सांगत नाही, आणि तळ्यात झाड लावायलाही नाही. मग माळालाच माळ का राहू देत नाहीत?" ती माझ्यावरच उखडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढे बैठक ठरली. त्याच संध्याकाळी लॉजवर आम्ही चहा घेत होतो आणि मनूच्या वरिष्ठांचा फोन आला. जेसीबी अडवल्याची तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली होती. गावाशी भांडण नको, मनोरा उतरवा, दुसरी जागा बघू, असं त्यांचं म्हणणं. मनू ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "सर, मनोरा मी उतरवणार नाही. तुम्हाला उतरवायचा असेल तर माणसं पाठवा." फोन ठेवून तिने उरलेला चहा एका घोटात संपवला. मी कप तिच्या हातातून काढून घेतला. तिची नोकरी कायमची नाही, हे मला माहीत होतं.

बैठकीला निम्मं गाव होतं. कंपनीकडून एक साहेब आले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात चकचकीत चित्रं. त्यांनी हिरव्यागार जंगलाचं चित्र फिरवलं आणि लोक खूश झाले. मग मनू उठली. तिने कार्बनचं चक्र समजावायला घेतलं आणि पाच वाक्यांत पुढच्या रांगेतल्या दोघांनी जांभया दिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याही ते लक्षात आलं. तिने खड्ड्याकाठचा गवताचा एक ठोंब आणला होता, तो मुळांसकट ओट्यावर ठेवला. वर घोट्याएवढं गवत आणि खाली हातभर मुळं. लोक वाकून बघू लागले, पण बघून परत मागे टेकले.

तेव्हा मागून कोंडाबाई उठल्या. त्यांच्या घरची मेंढरं वर्षानुवर्षं त्याच माळावर चरतात. "मला ते कार्बन-बिर्बन काय कळंना," त्या म्हणाल्या. "मला येकच सांगा सायेब. झाडाला कुंपन घालनार हाय का न्हाय?"

"अर्थात. रोपांच्या संरक्षणासाठी तारेचं कुंपण लागेलच."

"मग मेंढरं कुटं न्यायची? तुमच्या घरी?"

एकदम गलका झाला. कुंपणाचं कुणालाच माहीत नव्हतं. सरपंचांनाही नसावं, त्यांचा चेहरा तसा झाला. ज्यांच्या घरी चार शेळ्या तेही उठून बोलायला लागले. बऱ्याच वेळाने सरपंचांनी हात वर केला. "झाडं रस्त्याच्या कडंनं लावा, शाळेत लावा, वढ्याला लावा. खड्डे आमी खनून देतो. माळावर नको."

"आमची अट एकाच सलग जागेची आहे," साहेब म्हणाले. चित्रं गोळा करून ते गाडीत बसले. त्यांच्याबरोबर टाकीही गेली.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन मनूपुढे आली. "ताई, तुमचं यंत्र ऱ्हायलं. आमची टाकी गेली की." "व्हय, गेली," मनू एवढंच म्हणाली.

सरपंच जवळच होते. "लोकं तुमच्या नावानं शिव्या देतील, मॅडम."

"देऊ देत. मी कुठं जात नाही. टाकीचा अर्ज कुठे द्यायचा ते सांगा, मी येते बरोबर."

परतताना दुचाकीवर मागून मी तिला म्हटलं, "जिंकलीस हं."

"कोंडाबाई जिंकल्या. मी नुसती उभी होते." मग गिअर बदलत, "पण उभी होते."

तिसऱ्या दिवशी मीही मनू आणि सरपंचांबरोबर पंचायत समितीत गेले. तिथले साहेब रजेवर होते, प्रस्तावाला आणखी कागद हवे होते, पुढच्या आठवड्यात या. बाहेर पडून आम्ही तिघांनी गाड्यावर गरम धपाटे खाल्ले. सरपंचांनी पैसे देऊ दिले नाहीत.

आता मी पुण्यात आहे. भिशीत फोटो दाखवले, "यात आहे काय?" असं एकीने विचारलंच. पूर्वी मी हसून फोटो पुढे सरकवला असता. या वेळी तिला बसवून सगळं सांगितलं, तिचा चहा गार होईपर्यंत. जाणार असाल तर पाऊस सुरू झाल्यानंतर जा, पायात बंद बूट घाला, गवतात गाडी घालू नका, आणि मेंढपाळांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. बघण्यासारखं काही नाही असं कुणी म्हणालं तर अवश्य जा.

संस्थेने मनूला दिलेली दुचाकी काढून घेतली आहे. ती गावातच एक खोली घेऊन राहते आणि बाहेर कुठे जायचं तर एसटीने जाते. परवा फोन आला. खंड पडलेला पाऊस तिथे पुन्हा लागला होता आणि माळ हवेतून कार्बन ओढून घ्यायला लागला होता.

"आणि खणलेली बाजू?" मी विचारलं.

"वारा तिकडून आला की आकडे उलटे होतात. तिथून अजून सुटतंच आहे."

"वाईट वाटतं का गं?"

"वाटतं ना. पण खणलंय त्यांनी, तर आता तेही मोजणार. किती गेलं, भरून यायला किती वर्षं लागतात, सगळं. ठेव आता, सरपंच खाली थांबलेत, पंचायत समितीत जायचंय."

"आज तरी साहेब भेटतील का?"

"नाही भेटले तर उद्या जाऊ," ती म्हणाली.